इतिहास-भूगोल सोडू नको, बाळा

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, इतिहास-भूगोलाला कशाला वेळ घालू? बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये तो विषय गळूनच जातो. पुढं लातूरला सायन्सच घ्यायचंय ना!" बाबा शेजारी होते म्हणून तेव्हा बोलले नाही.

टक्केवारी पाच विषयांची धरतात, हे खरं. पण पास सहाही विषयांत व्हावं लागतं. तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, सगळे शंभराचे. त्यातले वीस-वीस मार्क शाळेकडं असतात, तेव्हा वह्या आणि प्रयोग वेळेवर दे. आणि कोणता विषय गळणार हे आत्ताच कसं ठरवलंस? गणिताचा पेपर अवघड गेला तर भूगोलच तुला सावरेल.

दहावी काही डॉक्टर निवडायला घेत नाहीत. त्याला नीट आहे. तू अकरावीला जा, आयटीआयला जा, नाहीतर पॉलिटेक्निकला. रोजच्या व्यवहारात तुला कुणी गंडवू नये, एवढी तयारी झाली का, हे दहावी बघते. गणितातला 'अर्थनियोजन' धडा वाचलास ना? मग बाबांचं खताचं बिल घे आणि त्यातला सीजीएसटी-एसजीएसटी शोधून दाखव.

विज्ञान भाग २ मध्ये 'आपत्ती व्यवस्थापन' आहे. किल्लारीच्या पोरीनं तो धडा नुसता पाठ करायचा? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला जमीन हादरली, पण माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीचं जड माळवद अंगावर आल्यानं. आजीनं किती वेळा सांगितलंय! तेच कारण उत्तरात नीट लिही.

आणि भूगोलाच्या पुस्तकात भारताबरोबर ब्राझील आहे, तो उगाच वाटतो ना तुला? तिथं सोयाबीन किती पिकलं, यावरही आपल्या लातूरच्या मोंढ्यातला भाव हलतो. बाबा कट्टे घेऊन जातात तेव्हा ब्राझीलही त्यांच्या पट्टीत असतो म्हण ना.

एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा असते, एटीकेटीही असते. वर्ष गेलं असं समजून रडत बसायचं नाही. बाबांशी मी बोलते. तू मात्र उद्यापासून रोज अर्धा तास इतिहास-भूगोलाला दे, आणि रविवारपर्यंत ब्राझीलचा नकाशा भरून मला फोटो पाठव.