यौवनलोपी ग्रंथी : थायमसची गाठ कशी ओळखतात?



लातूर असो की नांदेड, नीटच्या तयारीतली आपली पोरं 'थायमस म्हणजे टी पेशी परिपक्व होण्याची जागा' हे एका दमात सांगतात. पण एका पालकांनी दीड वर्षाच्या लेकराचा एक्स-रे पुढं केला, "सर, ही सावली कशाची? गाठ तर नाही ना?" तेव्हा ते एक वाक्य पुरलं नाही.

ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असते. मराठी नावच बघा, यौवनलोपी. लहानपणी मोठी, वयात आल्यावर आकसत जाते, तिच्या जागी चरबी येते. म्हणून बाळाच्या एक्स-रेत ती शिडासारखी रुंद दिसणं बहुधा नैसर्गिकच. बालरोगतज्ज्ञांनी त्या पालकांना हेच सांगितलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र अमेरिकेत 'थायमस वाढली' म्हणून हजारो बाळांना किरणोपचार दिले गेले. त्यातल्या काहींना पुढे थायरॉईडचा कर्करोग झाला.

खरी गाठ, म्हणजे थायमोमा, दुर्मीळ आणि बहुतेक चाळिशीनंतरची. कधी खोकला, छातीत जडपणा. कधी काहीच नाही. एक खूण मात्र लक्षात ठेवा : सकाळी ठीक असलेल्या पापण्या संध्याकाळी जड होऊन मिटतात, एकाचे दोन दिसतात. हा मायस्थेनिया ग्रॅव्हिस. १९८४ मध्ये अमिताभ बच्चन यांना झाला तोच. थायमोमाच्या साधारण तीनातल्या एका रुग्णाला हा आजार असतो. उलटा हिशेब मात्र मांडू नका. मायस्थेनियाच्या शंभर रुग्णांत थायमोमा दहा-पंधरा जणांनाच सापडतो. अशी लक्षणं दिसली तर 'थकवा असेल' म्हणून बसू नका. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवा.

निदानासाठी छातीचा सीटी स्कॅन, मायस्थेनियाची शंका असेल तर रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी. गाठ सहज निघण्यासारखी असेल तर बहुधा आधी सुई न टोचता पूर्णच काढतात, आवरण फुटू नये म्हणून. मोठी असेल किंवा लिम्फोमाची शंका असेल तर आधी तुकडा तपासतात.

पुढं रिपोर्टात दोन गोष्टी येतात आणि लोक इथंच गोंधळतात. प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली ठरतो : ए, एबी, बी१, बी२, बी३ आणि वेगळा थायमिक कार्सिनोमा. 'ए'मध्ये पेशी चातीसारख्या लांबट. बी१मध्ये लिम्फोसाइट भरपूर, बी३पर्यंत ते कमी होत जातात. टप्पा वेगळा. जपानच्या मासाओका यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पहिल्या टप्प्यात गाठ आवरणातच, दुसऱ्यात आवरणात किंवा भोवतीच्या चरबीत शिरलेली, तिसऱ्यात शेजारच्या अवयवांत, चौथ्यात दूर पसरलेली. तेव्हा 'बी२, टप्पा १' वाचून नुसत्या बी२ला घाबरू नका. गाठ आवरणाबाहेर गेली का आणि पूर्ण निघाली का, हे डॉक्टरांना आधी विचारा.