पाण्याचे रंग

कोल्हापुरात आबालाल रहिमान नावाचे मोठे चित्रकार होऊन गेले. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि गावी परतले. कोटितीर्थ तळ्याकाठी राहून त्यांनी पाणी, झाडे, ऊन रंगवले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. 1931 साली ते वारले.

पाण्याच्या रंगाने चित्र कसे काढतात? समजा, भवानी मंडपाचा जुना चौक काढायचा आहे. रंग पाण्यात कालवायचा. आधी फिकट रंगाने आभाळ भरायचे. ते वाळू द्यायचे. मग दगडी भिंत, आणि शेवटी कमानीखालची गडद सावली. घाई केली की ओले रंग एकमेकांत पसरतात.

आता गंमत ऐका. भिंतीवरचे ऊन दाखवायला बहुधा पांढरा रंग लावत नाहीत. तेवढा कागद कोरा सोडतात. कोरा कागद म्हणजेच ऊन! तिथे एकदा गडद रंग बसला, की गेलेले ऊन परत आणणे फार अवघड. म्हणून चित्रकार आधी पुष्कळ बघतो, मगच कुंचला उचलतो. युरोपातले जुने चौकही तिकडचे चित्रकार याच रीतीने रंगवतात.

असे चित्र कडक उन्हात फिके पडते, ओलीने खराब होते. ते जपावे लागते. जुना वाडा पडला, तर त्याची खूण चित्रातच उरते.

अंबाबाईच्या दर्शनाला गेलात, की भवानी मंडपात घटकाभर थांबा. ऊन कुठे, सावली कुठे, ते बघा. बघायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न
1. आबालाल कोठे राहत?
2. चित्रात ऊन कसे दाखवतात?
3. तुमच्या गावातली कोणती जुनी जागा चित्रात राहावी? दोन ओळी लिहा.