नाव पाण्यात उतरविण्यापूर्वी : तपासणी-सूचीचा उपयोग

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोदा तालुक्याच्या दक्षिणेकडून तापी वाहते, आणि उत्तरेची डोंगररांग ओलांडली की धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांच्या टोकाला नर्मदा लागते. दोन मोठ्या नद्यांच्या मधोमध असूनही तळोदा हे नावाड्यांचे गाव नव्हे. या भागात यांत्रिक नावेची आठवण होते ती पुराच्या दिवसांत, प्रकाशे येथील घाटावर यात्रा भरते तेव्हा, किंवा तोरणमाळच्या यशवंत तलावासारख्या ठिकाणी पर्यटकांची सोय करावयाची असते तेव्हा. अशी नाव काठाला बांधून ठेवलेली नसते. ती एखाद्या आवारात ट्रेलरवर उभी असते, आणि गरज पडताच जीपच्या मागे जोडून पाण्यापर्यंत न्यावी लागते.

नावेच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणे साहजिकच प्रवाहाकडे, वाऱ्याकडे आणि नावाड्याच्या कौशल्याकडे वळते. तथापि ट्रेलरवरून येणाऱ्या नावेचे भवितव्य पुष्कळदा ती तरंगण्यापूर्वीच, म्हणजे आवारात, रस्त्यावर आणि काठावर ठरून गेलेले असते. हे टप्पे नीट पार पाडण्याचे स्वस्त व खात्रीचे साधन म्हणजे तपासणी-सूची. ती कशी करावी व कशी वापरावी, याचा विचार येथे केला आहे. नाव शोध व बचावाची असो वा सहलीची, कामाची रीत एकच आहे.

सूचीची कल्पना

तपासणी-सूची ही नवशिक्यांसाठी असते, असा एक गैरसमज आहे. वस्तुतः तिचा जन्म निष्णात माणसाच्या अपघातातून झाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड या विमानतळावर बोइंग कंपनीचे ‘मॉडेल २९९’ हे चार इंजिनांचे नवे विमान उड्डाण करताच कोसळले. विमान चालवीत होते मेजर प्लॉयर हिल. तेथील उड्डाण-चाचणी विभागाचे ते प्रमुख होते. यंत्रात बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने त्याचे सुकाणू हलू नये म्हणून लावलेली खीळ उड्डाणापूर्वी काढावयाची राहून गेली होती. हिल आणि बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर या दोघांचाही त्यात अंत झाला. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी व उतरल्यानंतर पाहावयाच्या गोष्टींची सूची तयार केली, आणि तेच विमान पुढे ‘बी-१७’ या नावाने मोठ्या संख्येने वापरात आले.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात हीच पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली. आठ शहरांतील रुग्णालयांत तिची पाहणी झाली. त्यांत नवी दिल्लीही होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. शल्यचिकित्सकांना जे वाचून दाखविण्यात कमीपणा वाटला नाही, ते नाव ओढून नेणाऱ्या चालकाला वाटण्याचे कारण नाही.

एकच बूच, दोन आज्ञा

नावेच्या तळाशी, मागील बाजूस, पाणी निथळण्यासाठी एक छिद्र असते आणि त्यास बूच असते. रस्त्याने जाताना हे बूच काढलेले असावे लागते, कारण पावसाचे पाणी नावेत साचले तर ट्रेलरवरचा भार बघता बघता वाढतो. पाण्यात उतरताना मात्र तेच बूच घट्ट बसविलेले असावे लागते. आता एखाद्या सूचीत ‘बूच पाहिले काय?’ एवढेच लिहिले असेल, तर आवारात ‘होय’ अशी खूण होईल आणि काठावर नाव हळूहळू भरू लागेल.

नावेच्या सूचीची खरी अडचण ही आहे. इंजिन रस्त्यावर वर उचलून आधारावर टेकविलेले हवे, पाण्यात आधार काढून खाली सोडलेले हवे. नावेला ट्रेलरशी जखडणारे पट्टे रस्त्यावर ताणलेले हवेत, काठावर सुटलेले हवेत. परंतु नावेच्या नाकाशी असलेला चरखीचा पट्टा नाव तरंगेपर्यंत सोडावयाचा नाही. पेट्रोलच्या सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक लहान स्क्रू असतो. रस्त्यात तो बंद ठेवावा, नाहीतर पेट्रोल सांडते. पाण्यावर तो उघडावा, नाहीतर टाकीत पोकळी निर्माण होऊन इंजिन काही मिनिटे चालते आणि भर प्रवाहात बंद पडते. इंजिन काठावर सुरू झाले म्हणून समाधान मानणारा माणूस या स्क्रूनेच फसतो.

वस्तू तीच, पण एका ठिकाणी जे बरोबर तेच दुसऱ्या ठिकाणी घातक. म्हणून वस्तूंची एक लांबलचक यादी न करता ठिकाणवार सूच्या कराव्यात : आवार, पहिला थांबा, काठ, आणि माणसे बसण्यापूर्वी. प्रत्येकीत सात-आठांहून अधिक बाबी नसाव्यात. पंचवीस बाबींची सूची पुराच्या रात्री कोणी वाचत नाही. मग ती कार्यालयाच्या भिंतीवर कितीही सुबक चौकटीत लावलेली असो.

आवारातून निघताना

वर्षभर उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर बाहेरून ठीक दिसले तरी उन्हाने त्यांच्या बाजूंना भेगा पडलेल्या असतात. हवा मोजावी, चाकांचे नट आवळावेत आणि ट्रेलरचे राखीव चाक वेगळे घ्यावे. जीपचे चाक त्यास बहुधा बसत नाही. जोडणी पक्की झाली की नाही हे नुसते पाहून कळत नाही. खिटी लावल्यावर दांडा हाताने वर उचलून पाहावा. सुरक्षा-साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे जोडणी निसटली तरी दांडा जमिनीवर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. मागील दिवे लागतात की नाही हे दुसऱ्या माणसाने मागे उभे राहून सांगावे.

भाराच्या वाटणीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ट्रेलरच्या एकूण भाराचा साधारण दहावा हिस्सा जोडणीवर यावयास हवा. दोरखंड, पेट्रोलचे डबे, नांगर हे सर्व सोयीसाठी नावेच्या मागील भागात टाकले तर दांडा हलका होतो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गावरील मालमोटारींच्या वर्दळीत हे डोलणे जिवावर बेतू शकते. नावेत माणसे बसवून ट्रेलर ओढण्याची चाल तर पूर्णपणे बंद करावी.

पहिला थांबा दहा-पंधरा किलोमीटरवर घ्यावा. ताणलेले पट्टे एवढ्या अंतरात सैल पडतात. चाकाच्या मध्यभागी हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल इतके ते तापले असेल तर बेअरिंगमध्ये ग्रीस नाही किंवा ते अतिशय घट्ट बसले आहे. पाच मिनिटांचा हा थांबा घाईच्या वेळी टाळला जातो, पण घाईतच त्याची गरज अधिक असते.

घाट आणि काठ

तळोद्याहून धडगावकडे जाण्यासाठी चांदसैली घाटाचा मार्ग आहे. तीव्र चढ, आखूड वळणे आणि पावसाळ्यात दरडी, असा हा रस्ता आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून तो बंद पडला असता एका आजारी स्त्रीला पतीने खांद्यावर घेतले, पण दवाखान्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिचा अंत झाला. मागे ट्रेलर असलेल्या गाडीला अशा घाटात मध्येच वळता येत नाही. म्हणून ‘घाट खुला असल्याची खात्री केली काय?’ ही बाब आवाराच्या सूचीतच हवी. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ट्रेलर मागून ढकलीत असतो, आणि नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापून निकामी होतात.

काठावर पोहोचल्यावर पहिले काम थांबण्याचे आहे. तापलेली बेअरिंग एकदम पाण्यात बुडाली की आतील हवा आकुंचन पावून पाणी आत ओढले जाते आणि परतीच्या वाटेवर चाक धरते. ती निवेपर्यंत चालकाने व एका सहकाऱ्याने पायी जाऊन उतार पाहावा. नाव उतरविण्यासाठी बांधलेला उतार सर्वत्र नसतो. पायऱ्यांच्या घाटावरून ट्रेलर उतरत नाही, आणि पूर ओसरताना काठावर राहिलेला गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत चिकट असतो. ट्रॅक्टर जेथून नेहमी उतरतात ती वाट स्थानिक लोकांना विचारावी. ही माहिती पुराच्या वेळी शोधण्यापेक्षा ग्रामपंचायतीने उन्हाळ्यातच लिहून ठेवणे बरे.

तापीवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. त्यांतून सोडलेले पाणी सारंगखेडा व प्रकाशे येथील बॅरेजवर येते, आणि तेथील दरवाजे उघडले की खाली हातोडा पुलाकडे पातळी चढते. ‘दरवाजांची स्थिती विचारली काय, कोणाला, किती वाजता?’ हे काठाच्या सूचीतील पहिले वाक्य असावे. बॅरेजच्या लगत वरच्या अंगाला नाव उतरवू नये.

ट्रेलर मागे नेताना नवा चालक गोंधळतो, कारण सुकाणू उजवीकडे फिरविले की ट्रेलर डावीकडे जातो. यावर एक साधी युक्ती आहे : हात सुकाणूच्या चाकाच्या तळाशी धरावा. मग ट्रेलर ज्या बाजूला न्यावयाचा त्याच बाजूला हात सरकवावा. दिव्यांची तार काढलेली, चालकाचा सुरक्षा-पट्टा सुटलेला व काचा खाली असाव्यात. गाडी घसरलीच तर त्याला बाहेर पडता आले पाहिजे. मागे खूण करणारा माणूस एकच असावा. चार जणांनी चार दिशांना हात हलविण्याचा प्रकार आपल्याकडे हौसेने चालतो, तो येथे नको.

माणसे बसण्यापूर्वी

१५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यातील भूषा येथे नर्मदेत नाव उलटून माणसे बुडाली. नावेत क्षमतेपेक्षा पुष्कळ अधिक लोक होते. सरदार सरोवराचे पाणी पसरल्यापासून या किनाऱ्यावरील गावांना नाव ही चैन राहिलेली नाही. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका २०२० मध्ये स्वतः वल्हे मारीत पाड्यांवर आहार पोहोचवीत होत्या. जेथे दुसरा रस्ताच नाही, तेथे गर्दीला ‘नाही’ म्हणणे कठीण असते. म्हणून ते काम नावाड्यावर एकट्यावर सोपवू नये. क्षमतेचा आकडा नावेवर ठळक मराठी अंकांत रंगवावा, आणि माणसे मोजण्याचे काम काठावर राहणाऱ्या व्यक्तीकडे द्यावे. जितकी जीवरक्षक जाकिटे तितकीच माणसे, हा हिशेब सर्वांना कळतो. जाकीट अंगात घालून पट्टे आवळलेले असावे. बसावयाच्या जागेखाली घडी करून ठेवलेले जाकीट मोजणीत धरू नये.

नाव रबरी असेल तर तिच्या कप्प्यांतील हवा पाण्यात उतरल्यानंतर पुन्हा पाहावी. उन्हात टणक वाटणारे कप्पे थंड पाण्यात मऊ पडतात. इंजिन सुरू झाल्यावर त्याच्या मागील बाजूने पाण्याची बारीक धार पडते. ती दिसली नाही तर थंड करणारे पाणी फिरत नाही असे समजून इंजिन लगेच बंद करावे. इंजिन तत्काळ थांबविणारी दोरी नावाड्याच्या मनगटाला अडकविलेली हवी. वल्ही मात्र इंजिन कितीही नवे असले तरी बरोबर घ्यावीत.

सूची वाचण्याची रीत

सूची एकाने मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने वस्तूला हात लावून उत्तर द्यावे. वाचणाऱ्याला नावेचे ज्ञान असण्याची गरज नाही; तलाठी, ग्रामसेवक किंवा गावातील शिक्षक हे काम उत्तम करू शकतो. काठावरचे वाचन साधारण असे व्हावे :

‘बूच?’ ‘लावले, पिळून पाहिले.’
‘मागचे पट्टे?’ ‘सोडले.’
‘नाकाचा पट्टा?’ ‘लावलेला आहे.’
‘टाकीचा स्क्रू?’ ‘उघडला.’
‘दोर कोणाच्या हातात?’ ‘माझ्या.’

नुसत्या ‘होय’ या उत्तराला मान्यता देऊ नये. घाईत माणूस कशालाही होय म्हणतो. ‘उघडला’ किंवा ‘सोडले’ म्हणावयाचे तर त्याला वस्तूकडे पाहावे लागते. वाचन मध्येच तुटले, दूरध्वनी आला किंवा कोणी वरिष्ठ अधिकारी पाहणीस आले, तर सूची पहिल्यापासून सुरू करावी. अधिकाऱ्यांनीही तेवढा वेळ थांबावे.

शब्द कोणते वापरावेत, हा प्रश्न शिक्षकांच्या मदतीने सोडवावा. पुस्तकी प्रतिशब्दांपेक्षा चालक व नावाडी ज्या नावाने वस्तू मागतात तेच नाव कागदावर यावे. रेवानगर, रोझवा यांसारख्या तळोदा तालुक्यातील वसाहतींत नर्मदाकाठाहून आलेली कुटुंबे राहतात. त्यांतील जाणत्या मंडळींना पाण्याची नजर आहे. त्यांच्याशी भिली-पावरीत बोलून सूचीतील वाक्ये ठरविली तर ती कागदापुरती राहणार नाहीत. मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, नाव एकदा प्रत्यक्ष पाण्यात उतरवून सूची चालवून पाहावी. जे वाक्य कोणाला कळले नाही ते तेथेच बदलावे, आणि कागदाच्या कोपऱ्यात दुरुस्तीची तारीख घालावी. जुने पेट्रोलही त्याच दिवशी काढून टाकावे. महिनोन्‌महिने साठवलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होईलच असे नाही.

परतल्यावरची सूची सर्वांत लहान आहे, आणि थकलेल्या माणसांना तीच सर्वांत नकोशी वाटते. गाळ धुवावा, जाकिटे मोजून सावलीत वाळत घालावीत, बेअरिंगला ग्रीस द्यावे, पाणी निथळण्यासाठी बूच काढावे. काढलेले बूच नावेत टाकून ठेवू नये. ते जीपच्या किल्लीला बांधावे, म्हणजे पुढच्या वेळी जो कोणी गाडी सुरू करील त्याच्या हातात ते आधी येईल.