शमीवरील शस्त्रे आणि आपल्या घरातील बंदूक

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते. आता बहुतेक घरांत पाटावर मांडली जातात ती विळा, कोयता, कात्री, शिलाईयंत्र अशी उपजीविकेची साधने. परंतु आपल्या बालाघाट जिल्ह्यात अशीही काही घरे आहेत की, जेथे त्या दिवशी माळ्यावरून एक जुनी बंदूक खाली येते, तिला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते, आणि दसरा आटोपला की ती वर्षभरासाठी पुन्हा जागच्या जागी जाते. तिचा बार ऐकल्याचे घरातील तरुणांना आठवत नाही. अशा न उडणाऱ्या बंदुकीविषयी सभासद कुटुंबांशी चार गोष्टी बोलाव्यात, असे एका प्रसंगावरून आमच्या मनात आले. तो प्रसंग पुढे सांगू.

वापरायचे नाही पण टाकायचेही नाही, असे शस्त्र कसे ठेवावे याचे आपल्याला ठाऊक असलेले सर्वांत जुने उदाहरण विराटपर्वात आहे. अज्ञातवासाचे वर्ष सुरू होण्यापूर्वी पांडव विराटनगरीबाहेर स्मशानाजवळच्या शमीवृक्षापाशी आले. ही कथा कीर्तनांतून आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु तिच्यातील तपशील आपण भरभर ओलांडून जातो. शस्त्रे झाडावर चढवण्यापूर्वी पांडवांनी आपापल्या धनुष्याची प्रत्यंचा उतरवली. गांडीवाचीही उतरवली. मग नकुल झाडावर चढला आणि जेथे पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशी जागा पाहून त्याने ती शस्त्रे घट्ट बांधली. कोणी जवळ येऊ नये म्हणून तेथे एक प्रेत बांधले, आणि वाटेतल्या गुराख्यांना सांगितले की, ही आमची एकशे ऐंशी वर्षांची माता आहे. म्हणजे तीन गोष्टी झाल्या: शस्त्र निर्जीव केले, कोरड्या जागी ठेवले, परक्याचा हात लागणार नाही अशी तजवीज केली. शमीची पाने आणि आपट्याचे सोने यांच्या गडबडीत ती उतरवलेली प्रत्यंचा मात्र आपण विसरलो.

आता आपल्या घरांत बंदुका आल्या कशा, ते पाहू. १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले ते उगाच नव्हे; साऱ्या देशाला तो अपमान वाटत होता. परंतु याच कायद्यामुळे ज्याच्या घरी परवाना, त्याचा मान गावात वाढला, ही त्यातील दुसरी बाजू. मालगुजार, पाटील, मोठा शेतकरी यांच्या ओसरीवर बंदूक टांगलेली असे ती जितकी रानडुकरासाठी, तितकीच पाहुण्याने पाहावी म्हणून. आपला जिल्हा धानाचा आणि सभोवती रान. तेव्हा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक ही खरोखरच गरजेची वस्तू होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख केला आहे.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे युग संपले. अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यानापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी आपले नाव वनखात्याकडे नोंदवावे, असेही त्यात आहे. कान्हाच्या बाजूस शेती असलेल्यांना हे लागू पडते. हा कायदा योग्यच होता असे आम्ही मानतो. परंतु त्यामुळे बंदुकीचे काम गेले आणि बंदूक घरातच राहिली. तिची सफाई थांबली, गज कोठे ठेवला हे विसरले, आणि जो ती हाताळणे जाणत होता तो म्हातारा होऊन निवर्तला.

काही वर्षांपूर्वी खंडेनवमीस आमचे तीर्थरूप एका परिचित घरी पूजा सांगण्यास गेले होते. आम्ही पूजेचे साहित्य घेऊन बरोबर होतो. पाटावर ठासणीची बंदूक आडवी ठेवली होती. नळीचे तोंड जेथे बायकामुले बसली होती त्या बाजूस. आम्ही स्वतः त्या तोंडावर वाकून कुंकू लावले, हे आज सांगतानाही अंगावर काटा येतो. घरातील एक पाचसहा वर्षांचा मुलगा घोड्याशी चाळा करीत होता. वडिलांनी सहज विचारले, "बंदूक रिकामी आहे ना?" सर्वांनी एकमुखाने सांगितले की, आजोबांना जाऊन पंधरा वर्षे झाली, तेव्हापासून तिला कोणी हातही लावला नाही. हे उत्तर ऐकून शेजारचे एक वृद्ध गृहस्थ उठले. ते वनखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी मुलाला बाजूला केले, नळीचे तोंड भिंतीकडे वळवले, गज मागवला आणि हलकेच आत सोडला. जेथे तो अडला तेथे बोटाने खूण धरून त्यांनी गज बाहेर काढला व नळीच्या बाहेरून लावून पाहिला. गज नळीच्या बुडापर्यंत पोहोचला नव्हता. चांगला चार बोटे कमी पडत होता. आत बार भरलेला होता.

तेव्हा आजी म्हणाल्या, "ते शेतावरून आले की बंदूक तशीच खुंटीला अडकवायचे." यात आजोबांचा विशेष दोष नाही. ठासणीच्या बंदुकीत तोंडातून दारू ओतावी, बोळा ठासावा, छर्रे घालावे, पुन्हा बोळा ठासावा, असा खटाटोप असतो. आणि एकदा भरलेली बंदूक रिकामी करायची तर एक उडवावी, नाहीतर गजाला मळसूत्र लावून बार ओढून काढावा. रात्री दमून आलेला शेतकरी केवळ टोपी काढून ठेवतो आणि निजतो. टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा समज मात्र घातक आहे. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशके जिवंत राहते. "कोणी हात लावला नाही" हे वाक्य ज्याला दिलासा वाटते, त्याने ध्यानात घ्यावे की भरलेल्या बंदुकीबाबत तेच सर्वांत भयंकर वाक्य आहे.

गजाने माप घेण्याची ही रीत सोपी आहे, म्हणून सविस्तर लिहिली. परंतु बार आहे असे कळल्यावर तो स्वतः काढू नये, आणि हवेत उडवून तर मुळीच मोकळा करू नये. गंजलेली नळी फुटून उडवणाराच जायबंदी होतो. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नसमारंभात वा धर्मस्थळी आनंदाप्रीत्यर्थ बेफिकिरीने गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा ठरवला आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आपल्या मंदिराच्या उत्सवासही हे लागू आहे, हे मिरवणुकीतील उत्साही मंडळींनी लक्षात ठेवावे.

त्या घरी दुसरी अडचण निघाली ती कागदाची. परवाना आजोबांच्या नावाचा. परवाना वारशाने आपोआप येत नाही. धारक निवर्तला की घरच्यांनी विनाविलंब शस्त्र जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, आणि वारसाने आपल्या नावाने अर्ज करावा, असा कायदा आहे. हे न केल्यास ते विनापरवाना शस्त्र ठरते, आणि त्यास आज किमान दोन व कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. पंधरा वर्षे ती सज्जन माणसे नकळत या छायेत नांदत होती. एरवी निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. कित्येक घरांतील बंदुकीची उंबरठ्याबाहेरची यात्रा तेवढीच. पण यादीतील मनुष्यच गेलेला, मग बोलावणार कोणाला?

वास्तविक २०१६ च्या नियमांत चांगली सोय आहे. धारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली, की तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. ज्या घरी वडीलधारे अजून आहेत त्यांनी ही गोष्ट दसऱ्याला बंदूक खाली येईल तेव्हाच काढावी. "मरणाची भाषा कशाला" म्हणून मुले संकोचतात. वडिलांनीच आपण होऊन काढली तर बरे. जी बंदूक खरोखर कायमची निकामी आहे, दुरुस्तीनेही उडण्याजोगी होणार नाही, अशा जुनाट वस्तूस कायद्यात सूट आहे. परंतु ती निकामी आहे हे आपण घरबसल्या ठरवू नये.

बंदुकीची पूजा करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. कोडगूमधील कोडव लोक दर सप्टेंबरात कैलपोढ् नावाच्या सणात बंदुका मांडून पूजतात आणि त्यांना कळलावीची फुले वाहतात. त्यांना परवान्यातून खास सूट आहे, ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. आपल्याला तशी सूट नाही, इतकाच भेद.

त्या घरच्या मंडळींनी वकिलाच्या सल्ल्याने आपण होऊन ठाण्यात वर्दी दिली. जाणकार कारागिराकडून बार काढवला गेला. काळी, ढेकळे झालेली दारू आणि मूठभर छर्रे निघाले. नातवाचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे, बंदूक जमा आहे. गेल्या खंडेनवमीला आम्ही पुन्हा तेथे पूजेस गेलो, तेव्हा आजींनी पाटावर धान कापण्याचा विळा आणि आजोबांचा रिकामा दारूचा शिंगडा मांडला होता. आमचे तीर्थरूप संकल्प सांगण्यापूर्वी तो शिंगडाही उलटा करून पाहिल्यावाचून राहिले नाहीत.