जुने ग्राफिक्स कार्ड : डबा पाहू नये, माल पाहावा

केडगाव, चौफुला, यवत, पाटस या पट्ट्यात गॅरेजवाले, शिलाईवाले, बेकरीवाले अशा आपल्या अनेक बंधूंच्या घरी सध्या मुलांची एक मागणी ठरलेली आहे. गेम चालेल असा संगणक पाहिजे. बाप कोटेशन आणतो आणि पाहतो तो काय, सगळ्या संगणकाच्या किमतीतला मोठा वाटा एकट्या ग्राफिक्स कार्डाचा! त्यात २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव जगभर चढले, कारण एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी हा माल उचलायला सुरुवात केली. मग कोणीतरी सांगतो, कार्ड जुने घ्या. सल्ला वाईट नाही. परंतु जुन्या कार्डाच्या बाजारात चांगल्या मालाशेजारीच रंगवलेला मालही मांडलेला असतो, आणि कारागिराची महिन्याची कमाई तेथे एका दुपारी बुडू शकते. कापडाच्या धंद्यात आम्ही वरची घडी पाहून थानाचे पैसे देत नाही. थान उलगडतो, उजेडासमोर धरतो, काठ ताणून पाहतो. कार्डाचेही तसेच आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा संगणकातला वेगळा भाग. त्याची स्वतःची चिप, स्वतःची मेमरी, स्वतःचे पंखे असतात. गेम खेळावेत की नाही, किती वेळ खेळावेत, हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न आहे. नमाज आणि अभ्यास सांभाळून काय ते वडीलधाऱ्यांनी ठरवावे. आम्ही इतकेच सांगू की हेच कार्ड लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग आणि थ्री-डी डिझाइन यांनाही उपयोगी पडते. घरात असे काम करणारा मुलगा असेल तर कार्डाचे पैसे वसूल होण्याची वाट आहे.

आधी एसएमपीएस, मग कार्ड

बहुतेक जण कार्ड आधी पाहतात आणि घरी आणल्यावर संगणक चालूच होत नाही. उलट करावे. आपल्या संगणकाची बाजूची पट्टी उघडावी आणि वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, त्यावरील लेबल वाचावे.

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक लागणारे कार्ड असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर यावी लागते. सहा पिनांची वायर ७५ वॉटसाठी, आठ पिनांची १५० वॉटसाठी. स्वस्त कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस फुकटात येतो त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेले असते. त्या आकड्याकडे पाहू नये. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टची ओळ असते, तिच्यापुढील अँपियर वाचावेत आणि १२ ने गुणावे. समजा तेथे १६ अँपियर लिहिले आहेत. सोळा बारे एकशे ब्याण्णव. म्हणजे कामाची शक्ती १९२ वॉट. आता आरएक्स ५८० हे २०१७ चे कार्ड एकटेच १८५ वॉटचे आहे आणि साधा प्रोसेसर ६५ वॉटचा. बेरीज २५० झाली. हा संगणक गेम सुरू होताच बंद पडणार, किंवा त्याहून वाईट, वायर तापणार. आठ पिनांची वायर नाही म्हणून हार्ड डिस्कच्या वायरीला जोड लावून देणारे दुकानदार आहेत. तो जोड आम्ही कोणालाही सुचवणार नाही. प्लास्टिक वितळून कार्ड आणि बोर्ड दोन्ही जाण्याचा तो रस्ता आहे.

यूपीएसचाही हिशेब याच वेळी करावा. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची ताकद साधारण ३६० वॉटच असते. आपल्याकडे वीज येते-जाते, व्होल्टेज खाली-वर होते. मोठे कार्ड, मॉनिटर आणि बाकी सारे त्या एका डब्यावर टाकले तर वीज जाताच तोही हात टेकतो.

कार्यालयांतून निघालेले जुने ब्रँडेड संगणक आपल्याकडे पुष्कळ विकले जातात. त्यांचा एसएमपीएस लहान असतो, अनेकदा वेगळ्याच घडणीचा, त्यामुळे बाजारातला दुसरा बसत नाही. अशा संगणकाला वेगळी वायर न लागणारे ७५ वॉटचे कार्डच घ्यावे : २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय किंवा २०१९ चे जीटीएक्स १६५०. यांचेही काही प्रकार सहा पिनांची वायर मागतात, म्हणून कार्डाची कड पाहून घ्यावी. कॅबिनेट अरुंद असेल तर कमी उंचीचे कार्ड लागते, हेही मोजपट्टी घेऊनच ठरवावे. आणि प्रोसेसर दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल तर त्याला महागडे कार्ड लावणे म्हणजे बैलगाडीला ट्रकचे इंजिन बसवणे होय. पैसे जातील, वेग वाढणार नाही.

नावात काय दडलेले असते

या बाजारात एकाच नावाखाली दोन दर्जाचा माल विकला जातो, आणि तोही कंपनीनेच काढलेला. जीटीएक्स १०६० हे ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन मिळते. गिऱ्हाईकाला वाटते फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ३ जीबीच्या कार्डात १,१५२ कोर आहेत आणि ६ जीबीच्या कार्डात १,२८०. आरएक्स ५८० मध्ये २,३०४ कोर असतात. पण २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी निघालेला २,०४८ कोरांचा एक प्रकार त्याच नावाने फिरतो, जो खरे तर आरएक्स ५७० इतकाच आहे. सर्वांत मोठी फसगत जीटी १०३० ची. त्याचा डीडीआर ४ मेमरीचा प्रकार जीडीडीआर ५ च्या प्रकारापेक्षा फारच मंद आहे, डब्यावर नाव मात्र तेच. २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी वाईट कार्ड नाही, परंतु ते खाचेतील सोळापैकी चारच मार्ग वापरते. जुन्या मदरबोर्डावर त्याचा दम निघून जातो. शिवाय त्यात व्हिडिओ तयार करण्याची यंत्रणा नाही. लग्नाचे शूटिंग करणाऱ्याने ते घेऊ नये.

हे झाले खरे माल. आता खोटा. २०१० आणि २०११ सालची जीटीएस ४५० आणि जीटीएक्स ५५० टीआय ही कार्डे घेऊन त्यांच्या आतील प्रोग्राम बदलतात, आणि संगणकाला ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून दिसू लागतात. डबा नवा, स्टिकर नवे. यावर उपाय फुकट आहे. जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम पेन ड्राइव्हमध्ये ठेवावा. २०१८ पासून तो अशी अनेक खोटी कार्डे ओळखून नावापुढे तसे सांगतो. त्यातच कोरांची संख्या, मेमरीचा प्रकार आणि मार्गांची संख्या दिसते, म्हणजे वर सांगितलेल्या नावांचाही उलगडा तेथेच होतो. खोट्या कार्डाची आणखी एक खूण म्हणजे जुन्या तऱ्हेचा व्हीजीए सॉकेट. खऱ्या १०५० टीआयला तो नसतो.

ड्रायव्हरचेही पाहावे. एनव्हिडियाने १०५० टीआय, १०६०, १०७० या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेपुरत्या सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. १६५० आणि १६६० यांचा त्या यादीत समावेश नव्हता. एएमडीनेही आरएक्स ५८० च्या पिढीचे ड्रायव्हर २०२३ पासून वेगळे काढले आहेत. म्हणून ती कार्डे जुन्या गेमसाठी अजून चालतील, परंतु त्यांचा भाव त्या मानाने उतरलेला असला पाहिजे. विक्रेता उतरवत नसेल तर उठावे. ज्याचा एसएमपीएस चांगला आहे त्याने १२५ वॉटचे जीटीएक्स १६६० सुपर किंवा १३२ वॉटचे, ८ जीबीचे आरएक्स ६६०० शोधावे. वीज कमी, काम जास्त. आमची पहिली पसंती दुसऱ्याला.

समोर बसून अर्धा तास

माल आपल्याकडे येतो तो बहुधा पुण्याच्या तपकीर गल्लीतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, नाहीतर मोबाइलवरील जाहिरातीतून. जाहिरातीतला फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. केडगावहून पुण्याला गाडी आहे, तिकीट स्वस्त आहे. जावे, आणि अर्धा तास वेळ देत असेल त्याच्याकडूनच घ्यावे.

प्रथम कार्ड हातात घ्यावे. पंखा बोटाने फिरवावा. खरखर किंवा डुगडुग असेल तर बेअरिंग गेले आहे. स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर कार्ड उघडले गेले आहे. उघडणे गुन्हा नव्हे, साफसफाईसाठीही उघडतात, पण का उघडले ते विचारावे. मुंबईच्या खाऱ्या हवेतले कार्ड असेल तर धातूच्या पात्यांवर पांढरट किंवा हिरवट बुरशी दिसते. चिपच्या कडेला चिकट तपकिरी डाग असतील, जळका वास येत असेल, तर सावध राहावे. मेलेल्या कार्डाच्या चिपला हीट गनने भाजून थोड्या दिवसांसाठी उठवता येते. असे कार्ड दुकानात चालते आणि घरी पंधरा दिवसांत मरते.

नंतर ते संगणकात लावून फरमार्कसारखा ताण देणारा प्रोग्राम किंवा एखादा जड गेम वीस-तीस मिनिटे चालवावा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, रेघा उमटल्या तर मेमरी किंवा चिप खराब आहे; विक्रेता ड्रायव्हरचे कारण सांगेल, ऐकू नये. तापमान ८०–८५ अंशांच्या आत थांबले पाहिजे. येथे ऋतूचा विचार करावा. खोलीची हवा जितकी तापते साधारण तितकेच कार्डही तापते. डिसेंबरात ७५ दाखवणारे कार्ड आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या खोलीत, नव्वदीला जाईल. चाचणी झाल्यावर संगणक बंद करून गरम असतानाच पुन्हा चालू करावा. भाजलेली कार्डे पुष्कळदा येथेच अडखळतात. शेवटी मागचे सर्व सॉकेट एकेक करून मॉनिटरला लावून पाहावेत.

मायनिंगचे कार्ड घ्यावे का, हा प्रश्न तरुण मुले हमखास विचारतात. इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक ही कार्डे रात्रंदिवस चालवीत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांची गरज संपली आणि जगभर असा माल जुन्या बाजारात आला. आमच्या मते तेवढ्यावरून कार्ड टाकाऊ ठरत नाही. एकसारख्या तापमानात, कमी विजेवर चाललेली चिप बहुधा शाबूत असते. झिजतात ते पंखे, आणि वाळतात ते मेमरीवरचे पॅड. ते बदलता येतात. आतील प्रोग्राम बदललेला असेल तर तो मूळचा भरून घ्यावा. अट एकच, विक्रेत्याने ते आधी सांगितले पाहिजे आणि भाव कमी केला पाहिजे.

कारण येथे प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतला ओला माल बाहेर काढला होता, ही हदीस आपल्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. वर कोरडे आणि खाली ओले, हाच भाजलेल्या कार्डाचा प्रकार होय. फिक्हमध्ये गिऱ्हाईकाला यासाठी हक्क दिले आहेत. मालात सौद्यापूर्वीचा, न सांगितलेला ऐब निघाला तर तो परत करण्याचा हक्क म्हणजे खियार-ए-ऐब. आणि आधीच ठरवून काही दिवस सौदा मोडण्याची मुभा ठेवणे म्हणजे खियार-ए-शर्त. इमाम अबू हनीफा यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत. जुन्या कार्डाला ही शर्त जणू मापून शिवलेली आहे. तीन दिवस घरी चालवू, ऐब निघाला तर परत, असे बोलावे आणि कागदावर लिहून घ्यावे. त्या कागदावर कार्डाचा सिरीयल नंबर असावा, म्हणजे परत करताना कोणी कार्ड बदलले असा वाद उरत नाही. वॉरंटी शिल्लक असल्यास काही कंपन्या सिरीयल नंबरवर देतात, काही पहिले बिल मागतात. म्हणून जुने बिलही मागून घ्यावे. ज्याच्याकडे ना बिल, ना शर्त, त्या मालाला आम्ही तेवढ्याच कामाच्या नव्या कार्डाच्या निम्म्याहून अधिक किंमत देणार नाही.

आपल्यातील जी मुले संगणक दुरुस्ती शिकून हा जुना माल विकू पाहतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जीएसटी नोंदणी असेल तर सीजीएसटी नियम ३२(५) पाहावा. जुना माल आहे तसा किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकला आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नाही, तर कर पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतील फरकावर लागतो. त्यासाठी प्रत्येक कार्डाची खरेदी वहीत हवी. दुसरे, अनोळखी माणसाकडून कार्ड घेताना त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी, सिरीयल नंबर लिहावा, त्याची सही घ्यावी आणि पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. ओळख दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याचा माल कितीही स्वस्त असला तरी दुकानात ठेवू नये.