दाबाचा आकडा आणि पुंगळीचा घेर

घरी काडतुसं भरणाऱ्या अमेरिकी शिकाऱ्यांत .४५-७० या काडतुसाविषयी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: सॅमी या उत्पादकांच्या संस्थेने ठरवलेली २८,००० पौंड प्रति चौरस इंचाची मर्यादा १८७३ च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी आहे, आजच्या मार्लिन १८९५ या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीला ती कशाला? मर्यादा जुन्या बंदुकांसाठी खाली ठेवली, हे खरंच. पण म्हणून नव्या बंदुकीत मोकळं रान मिळतं, हे मला मान्य नाही. दाब मोजतात चौरस इंचावर, पुंगळीला मागून अडवणाऱ्या बोल्टला मात्र सगळा धक्का एकत्र सोसावा लागतो. .३०-३० काडतुसाची पुंगळी बुडाशी ०.४२१ इंच रुंद असते, .४५-७० ची ०.५०५ इंच. बुडाच्या क्षेत्रफळावरून ढोबळ हिशेब केला, तर .३०-३० चा धक्का ४२,००० च्या कमाल दाबाला सुमारे ५,८५० पौंड भरतो. .४५-७० जवळपास तेवढा धक्का २८,००० लाच देते आणि ४०,००० ला ८,००० पौंडांवर जाते. मार्लिन १८९५ ची यंत्रणा तर .३०-३० चालवणाऱ्या मार्लिन ३३६ चीच आहे.

यावर उत्तर येतं की प्रायमर चपटा होत नाही आणि पुंगळी सहज निघते, मग भीती कसली? पण याच जातीचे प्रायमर बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींत ६०,००० चा दाब सोसतात. ४०,००० ला ते गप्प राहिले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: .४५० मार्लिन हे काडतूस तशाच रायफलीत ४३,५०० च्या मर्यादेने चालतं. खरं आहे. पण तिथे कारखाना दाब यंत्रावर मोजतो, आणि पुंगळीला मुद्दाम पट्टा दिला आहे, जेणेकरून ती जुन्या .४५-७० बंदुकीत शिरू नये. तुमचं जोरदार भरलेलं .४५-७० काडतूस मात्र ट्रॅपडोअरमध्येही बिनबोभाट बसतं.

म्हणून भरण-पुस्तिकेतला लिव्हर-अ‍ॅक्शनचा विभागच वापरा. त्यापुढचा, रुगर नंबर वनसारख्या भक्कम, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलींचा विभाग तुमच्यासाठी नाही. सुरुवात किमान भारापासून करा आणि गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ ठेवा. छापलेला कमाल वेग आधीच मिळाला, तर दारू कमी भरलेली असली तरी तिथेच थांबा, कारण वेग फुकट येत नाही. नळीच्या मॅगझिनमध्ये चपट्या नाकाच्या गोळ्याच घाला, एरवी टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं. डब्यावर बंदुकीचं नाव ठळक लिहा. तुमच्या पश्चात तो डबा कोण उघडेल, हे तुमच्या हातात नाही.