संगणकाची तबकडी

2019 सालच्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेने कोल्हापूर शहराला वेढा घातला. राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फूट ही धोक्याची पातळी; त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर चढले. शाहूपुरीतील एका घरात टेबलाखाली ठेवलेला संगणक कित्येक दिवस पाण्यात राहिला. घरधनी उद्यमनगरातील लेथ-कारागीर. यंत्रभागांची बारा वर्षांची रेखाचित्रे त्या संगणकात साठविलेली होती. पूर ओसरताच त्यांनी अधीरपणे वीज जोडली, आणि वाचण्याची जी काही आशा होती तीही गेली.

असे का व्हावे? संगणकाची स्मृती ज्या पेटीत साठते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. तीत चुंबकीय लेपाच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या बहुधा मिनिटाला 7200, म्हणजे सेकंदाला 120 फेरे घेतात. तबकडीच्या कडेवरील बिंदू ताशी सव्वाशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असतो! लिहिणारे-वाचणारे शीर्ष मात्र तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर ते हवेच्या थरावर तरंगते. तेथे गाळाचा कण म्हणजे घाटरस्त्यावर कोसळलेली दरडच.

1956 साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. आज तळहातावर मावणारी एक टेराबाइटची डिस्क तिच्या दोन लाख पट साठवते.

त्या हिवाळ्यात कारागिरांनी सातवीतल्या मुलीला जवळ घेऊन नवा संगणक घरीच जुळविला. डिस्क बसविण्यापूर्वी मुलीने वीजजोडणी काढली आणि सांगाड्याच्या धातूला हात लावला. अंगावरील स्थिरविद्युत नाजूक भागांना बाधते. मग डिस्क कडांनी धरून तिने खणात सरकविली. कारागिरांनी स्क्रू निरखला.

“हे आटे इंची आहेत, मिलिमीटरचे नव्हेत,” ते म्हणाले. लांब स्क्रू त्यांनी बाजूला ठेवले, कारण ते आत घुसून डिस्कला इजा करतात. तरी लेथवरच्या सवयीने ते पिळतच राहिले.

“बाबा, आता पुरे! आटे मोडतील.”

डिस्कला दोन तारा जोडावयाच्या असतात. विजेची रुंद, 15 संपर्कांची. माहितीची अरुंद, 7 संपर्कांची. दोन्हींच्या खाचेला काटकोनी वळण असल्यामुळे त्या उलट्या बसतच नाहीत. तेथे जोर करणारा मनुष्य हमखास काहीतरी मोडतो. पडद्यावर डिस्कचे नाव उमटले. परंतु कोऱ्या डिस्कवर लगेच लिहिता येत नाही, प्रथम तीवर विभाग आखून घ्यावे लागतात.

रेखाचित्रे कारागिरांनी आठवणीने पुन्हा काढली. सगळी काही आठवली नाहीत. मुलीने प्रत्येकाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि ती डिस्क कागलला आत्याकडे नेऊन ठेवली.

2021 च्या जुलैत नदीने पुन्हा 55 फूट ओलांडले. या वेळी संगणक माळ्यावर होता.